पहारेकऱ्याशेजारचा कंडेन्सर

पंखा सावकाश फिरू लागला की इलेक्ट्रिशियन येतो, ‘कंडेन्सर गेलाय’ म्हणतो आणि दहा मिनिटांत नवा बसवून जातो. याच कंडेन्सरची इवलीशी भावंडं विजेच्या मीटरमध्ये आणि दवाखान्यातल्या यंत्रांतही असतात. त्यांच्याविषयी आज थोडं बोलू.

अशा यंत्रातली मुख्य चिप पुष्कळदा ५ व्होल्टवर चालते. दाब घसरला की ती लगेच बंद पडते असं नाही. आधी ती चुकू लागते आणि स्मृतीत भलतीच नोंद करून ठेवते. मीटरमधला आकडा असा बिघडला, तर भुर्दंड कुणाला? म्हणून तिच्या जोडीला एक पहारेकरी सर्किट असतं. दाब साधारण ४.६ व्होल्टच्या खाली गेला की ते चिपला थांबवतं.

चिपला वीज झटक्यासरशी लागते. विहीर अंगणात असली तरी पाण्याचा तांब्या चुलीपाशी लागतोच, तसा ०.१ मायक्रोफॅरडचा बायपास कंडेन्सर चिपच्या अगदी लगत बसवतात. लांब बसवला, तर मधली तारच त्या झटक्याला आडवी येते.

दुसरा कंडेन्सर मात्र कुणी न बसवताच असतो. दोन धातूंमध्ये विद्युतरोधक आला की झाला कंडेन्सर! सर्किट बोर्डावर शेजारून जाणाऱ्या दोन रेषांमध्ये असं बांडगूळ आपोआप उगवतं.

पहारेकरी दाब मोजतो तो रोधकांनी विभागून. बॅटरी वाचावी म्हणून हे रोधक मोठे घेतात; समजा, त्यांचा एकत्रित रोध १० लाख ओहम. त्या रेषेची जमिनीशी धारिता १० पिकोफॅरड आणि शेजारणीशी फक्त १. शेजारी ५ व्होल्टची उडी पडली, तरी इथे जवळजवळ अर्ध्या व्होल्टचा धक्का बसतो. पहारेकरी उगाचच ‘चोर, चोर’ ओरडतो आणि यंत्र थांबतं.

मग इथेही ०.१ मायक्रोफॅरड लावावा? नाही. १० लाख ओहममधून तो रिता व्हायला सेकंदाचा दहावा भाग तरी जाईल. तोवर चिप चुकलेली असेल. १०० पिकोफॅरड लावला, तर धक्का दहापट कमी होतो आणि उशीर होतो सेकंदाच्या दहाहजाराव्या भागाच्या आसपास. शिवाय ही रेषा आखूड ठेवावी, उड्या मारणाऱ्या रेषांपासून लांब न्यावी.

पंख्याचा कंडेन्सर आकडा बघून बदलता येतो. इथे आकड्याबरोबर जागाही बघावी लागते.