पिवळ्या आणि लाल रेघेमधली वेळ

उधन्याहून मुंबईकडे निघालं की सचिन स्टेशनाच्या आधी भेस्तान लागतं. मागांच्या शेडमधून पाळी सुटली की चहाच्या टपरीवर गुजरातीइतकीच अहिराणी कानावर पडते. मी इथे कारखान्यांच्या कॅमेऱ्यांची आणि नेटवर्कची कामं घेतो. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एका विणकाम शेडच्या वॉचमनचा रात्री फोन आला, "भाऊ, समदा कॅमेरा बंद पडी ग्यात!"

जाऊन पाहिलं तर कॅमेरे ठणठणीत होते. बंद पडला होता तो सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात तो स्विच. संध्याकाळी दहा मिनिटं वीज गेली होती. स्विच यूपीएसवर असल्यामुळे चालत राहिला. एसी यूपीएसवर नव्हता, आणि वीज परतल्यावर आपोआप सुरू होणाऱ्यांपैकीही नव्हता. रिमोट मालकाच्या खणात, खणाला कुलूप. रॅकच्या जाळीवर पॉलिएस्टरच्या तुसाचा थर साचला होता. नखाने कोपरा सोडवला तर गोधडीच्या अस्तरासारखा अखंड निघून हातात आला. आतला पंखा त्या थरातूनच हवा ओढत होता. तापत तापत शेवटी स्विचने स्वतःला मिटून घेतलं.

नोंदी उघडल्या तेव्हा कळलं, इशारा त्याने दिला होता. तापमानाची पिवळी, म्हणजे इशाऱ्याची हद्द ओलांडल्यापासून लाल हद्दीवर बंद पडेपर्यंत चौदा मिनिटं गेली होती. आणि तो इशारा गेला कुठे, तर काम सोडून गेलेल्या ठेकेदाराच्या मेलवर.

तेव्हापासून हद्द ठरवताना मी आधी अंश बघत नाही, माणूस बघतो. किल्ली कोणाकडे, तो राहतो कुठे, रात्री दोनला पोचायला त्याला किती वेळ लागेल? पिवळ्या आणि लाल रेघेमध्ये निदान तेवढा वेळ मावला पाहिजे.

अंशांचं गणित त्यानंतरचं. ऑफिसात वापरायचे बरेच स्विच भोवतालची हवा साधारण 45 अंशांपर्यंत असेल असं धरून बनवलेले असतात. कारखान्यांसाठीचे खास स्विच 75 अंशांपर्यंत तग धरतात, पण त्यांची किंमत ऐकून मालक विषय बदलतात. इथे एक घोळ हमखास होतो. ते 45 अंश बाहेरच्या हवेचे. स्विच पडद्यावर दाखवतो तो आकडा पुष्कळदा आतल्या जागेचा, म्हणजे बराच चढा. एकाची हद्द दुसऱ्याला लावली की एकतर दिवसभर बोंब, नाहीतर कायमची शांतता. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट मालिकेतल्या काही स्विचमध्ये तर पिवळी हद्द थेट अंशांत लिहायचीच नसते, लालपेक्षा किती खाली ते सांगायचं असतं. लाल 66 असेल आणि पिवळी 51 वर हवी असेल, तर 15 लिहायचं.

माझी रीत साधी आहे. मे महिन्यातला एक आठवडा, सगळे माग चालू असताना, दर पाच मिनिटांनी आकडा टिपायचा. सर्वांत चढ्या आकड्याच्या पाच-सहा अंश वर पिवळी हद्द. लागोपाठ तीन वेळा ओलांडली तरच फोन वाजावा, आणि पाचेक अंश खाली उतरल्याशिवाय 'ठीक आहे' म्हणू नये. नाहीतर पारा हद्दीवरच रेंगाळतो, फोन रात्रभर कोकलतो आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्याचा आवाजच बंद करतं. नोंदी पाहताना एक गंमत सापडते: कधीकधी ऊन उतरल्यावर आकडा चढतो. अंधार पडला की कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागतात. त्यांना वीज याच स्विचमधून जाते, आणि ती पुरवताना त्याचा स्वतःचा पॉवर सप्लायही तापतो.

इशारा पोचवणारी एसएनएमपी नावाची पद्धत 1988 सालची, म्हणजे माझ्या बहुतेक गिऱ्हाइकांच्या मागांपेक्षा जुनी. तिचा 'ट्रॅप' साध्या पोस्टकार्डासारखा: टाकला की टाकला, पोचल्याची पावती नाही. त्यातून ज्या स्विचमधून निरोप जायचा तोच मिटला तर निरोप नेणार कोण? म्हणून मी दुसऱ्या बाजूनेही विचारणा लावतो. दहा मिनिटं उत्तर आलं नाही, तर तोही इशाराच धरायचा.

"बंद तर पडला नाही ना, मग कशाला एवढी उठाठेव?" असं मालक विचारतात. तेव्हा मी कपॅसिटरचा ठोकताळा सांगतो: दर दहा अंश जादा उष्णतेला त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. दोन उन्हाळे तापलेला स्विच तिसऱ्या वर्षी, सगळं थंड असतानाही दगा देऊ शकतो.

दिवाळीत माग थांबतात, कारागीर गावी जातात, शेड गार पडते. कॅमेऱ्यांची गरज मात्र तेव्हाच सर्वांत जास्त. त्या शेडमध्ये आता इशारा थेट वॉचमनच्या फोनवर जातो, जाळी दर शनिवारी ब्रशने साफ होते, आणि एसीचा रिमोट रॅकच्या दाराला सुतळीने बांधलेला आहे.