मासा बाधला, की माशातला कृमी?

मासे खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, की ‘मासा बाधला’ किंवा ‘पित्त उठले’ म्हणून विषय संपवला जातो. पण दरवेळी दोष माशाचाच असतो असे नाही. समुद्री माशांत आढळणारा ‘अनिसाकिस’ हा कृमीही अशी ॲलर्जी निर्माण करू शकतो.

हा कृमी देवमासा, डॉल्फिन यांच्या पोटात वाढतो. त्याच्या अळ्या समुद्रातील बारीक जीवांमार्फत माशांत आणि माकुलांत पोहोचतात. दोन-तीन सेंटिमीटर लांबीची ही पांढरट अळी माशाच्या आतड्यांभोवती वेटोळे घालून असते. मासा मेल्यावर काही अळ्या मांसात शिरतात. म्हणून मासा आणल्याबरोबर आतडी काढून साफ करावा.

मासा आतपर्यंत नीट शिजला, की अळी मरते. त्यामुळे कालवण किंवा तळलेली तुकडी खाणाऱ्याला जिवंत अळीची भीती नाही. मात्र अळीतील काही प्रथिने उष्णतेला दाद देत नाहीत. ज्यांना या कृमीची ॲलर्जी झाली आहे, त्यांना शिजवलेल्या माशानेही त्रास होऊ शकतो.

बारामती, इंदापूर भागात हा फरक महत्त्वाचा आहे. भिगवणच्या बाजारात उजनीच्या गोड्या पाण्यातील चिलापी, कटला, रोहू मिळतात; बांगडा, सुरमई किनाऱ्यावरून बर्फात येतात. अनिसाकिसचे जीवनचक्र समुद्रातले असल्याने, ॲलर्जी केवळ त्याचीच असेल तर गोड्या पाण्यातला मासा चालू शकतो. ॲलर्जी माशाच्याच प्रथिनाची असेल, तर चिलापीही घातक ठरू शकते. शिवाय बर्फ कमी पडलेल्या बांगड्यात हिस्टामीन तयार होते. त्यानेही अंग लाल होते, पण ती ॲलर्जी नव्हे. गोड्या पाण्यातल्या माशातही इतर कृमी असू शकतात. तोही पूर्ण शिजवूनच खावा.

नेमके कारण त्वचेच्या आणि रक्ताच्या तपासणीतून डॉक्टरच शोधू शकतात. कोणता मासा खाल्ला, किती वेळाने त्रास झाला, हे त्यांना सांगावे. घरी थोडा खाऊन पाहण्याचा प्रयोग करू नये.

घसा आवळणे, धाप लागणे, भोवळ येणे ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी आमसुलाचे पाणी देऊन वाट पाहू नये. मांडीत ॲड्रेनलिनचे इंजेक्शन वेळेत मिळाले, तर जीव वाचतो. त्यासाठी रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे.