लोणारचं वय आणि विश्वाचा वेग

बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला आकाशाचं वेड लागलं की त्याची पावलं लोणारकडे वळतातच. माझी वळली, ती अजून तिथेच घुटमळतात. जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचं, सुमारे दीडशे मीटर खोल असं हे विवर दख्खनच्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये आहे. चंद्रावरचे काळे डाग आणि मंगळाचा बराचसा पृष्ठभाग याच जातीच्या खडकाचा. म्हणून तिथली विवरं अभ्यासणारे शास्त्रज्ञ लोणारलाही येतात.

विष्णूने लवणासुराला मारलं तेव्हा हा खड्डा पडला, असं गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ सांगतं. १८२३ मध्ये अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पुढे बराच काळ तो ज्वालामुखीचाच मानला गेला. विवरात भोकं पाडून खालचा खडक वर काढला गेला आणि १९७३ मध्ये निकाल जाहीर झाला: हा खड्डा उल्केच्या आघाताने पडला. त्या खडकात मॅस्केलिनाइट होतं. धक्क्याने, न वितळता, खनिजाची काच होते ती ही. तिला हवेच्या दाबाच्या काही लाख पट दाब लागतो आणि तो ज्वालामुखीत मिळत नाही. ही काच पहिल्यांदा ओळखली गेली ती बिहारमध्ये शेरघाटीला १८६५ साली पडलेल्या उल्केत, आणि ती उल्का मंगळावरून आलेली आहे! लोणारच्या गोमुखाच्या पायऱ्या उतरताना मला दर वेळी हे आठवतं आणि पाय थबकतात.

पण लोणारचं वय किती? काचेतली साठलेली ऊर्जा मोजणारी पद्धत सांगते, सुमारे ५२ हजार वर्षं. आरगॉन वायूवरून काढलेलं वय येतं सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. दहापटीहून जास्त फरक!

विश्वाच्या प्रसरणाचंही असंच आहे. ती हकिगत थोडक्यात अशी: दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश ताणला जाऊन तांबडा होतो, आणि दीर्घिका जितकी दूर तितकी वेगाने लांब जाते, हे खगोलशास्त्रज्ञ हबलने १९२९ मध्ये दाखवलं. आजचा वेग महास्फोटानंतर उरलेल्या आदिम प्रारणावरून काढला तर दर मेगापार्सेकला, म्हणजे सुमारे ३२ लाख ६० हजार प्रकाशवर्षांना, सेकंदाला ६७ किलोमीटर येतो. स्पंदनशील तारे आणि स्फोट पावणारे तारे यांवरून ७३. दोन्ही मोजण्या काटेकोर, तरी मेळ बसत नाही.

अशा वेळी तिसरी, स्वतंत्र वाट हवी असते. ती इथून फार दूर नाही. वाशिम ओलांडून हिंगोलीत गेलं की औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया या वेधशाळेची जागा आहे. २०२३ मध्ये केंद्राने प्रकल्पाला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांत लेसर सोडून गुरुत्वलहरी, म्हणजे अवकाशात उठणारे तरंग, टिपायच्या. दोन न्यूट्रॉन तारे आदळले की त्या लहरींवरूनच त्यांचं अंतर कळतं, आणि त्यांच्या दीर्घिकेच्या ताणलेल्या प्रकाशावरून वेग. २०१७ च्या अशा टकरीतून ७० च्या आसपास आकडा आला, पण त्यातली अनिश्चितता मोठी होती. जास्त टकरी टिपल्या तर ती कमी होईल.

माझ्या मते लोणार आणि हिंगोली यांचा धडा एकच: एका पद्धतीच्या आकड्यावर थांबू नये. लोणारला जाल तेव्हा तिथला एकही खडा खिशात घालू नका. वयाचा निकाल अजून लागायचा आहे, आणि पुरावा त्या खड्यांतच आहे.