प्रकाशतलवारीचा रंग

जॉर्ज लुकस यांच्या १९७७ सालच्या ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटाने जी प्रकाशतलवार जगाला दिली, ती मुळात छायाचित्रकाराच्या सामानातून निघालेली वस्तू आहे. लंडनमधील एका दुकानात रॉजर ख्रिश्चन या नेपथ्य-सजावटकाराला ग्राफ्लेक्स नावाच्या अमेरिकन कॅमेऱ्याच्या झोतदिव्याचे धातूचे दांडे सापडले. त्यांवर काळ्या पट्ट्या चिकटवून व गणकयंत्रातील भिंगांची पट्टी बसवून त्याने मूठ सिद्ध केली. पाते मात्र निव्वळ लाकडाचे! त्यावर प्रकाश परतविणारे वेष्टन लावून मुठीतील मोटरीने ते फिरवीत. आपल्याकडे नाटकातील लाकडी तलवारीला बेगड लावतात, त्याच जातीची ही युक्ती. पण तेवढ्याने हवे तसे तेज दिसेना. तेव्हा चित्रफितीच्या एकेका चौकटीवर ते मागाहून चितारावे लागले. मधला पांढरा गाभा व भोवतालची रंगीत प्रभा ही चित्रकारांची करणी होय.

वेष धारण करून संमेलनास जाणाऱ्या हौशी मंडळींना ही सोय नाही. त्यांची तलवार प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत उजळावी लागते. त्यासाठी सुमारे एक इंच व्यासाची पॉलिकार्बोनेटची पोकळ नळी घेतात. ॲक्रिलिकची नळी दिसावयास तशीच, परंतु आघाताने तिच्या धारदार ठिकऱ्या उडतात. लुटुपुटीचे का होईना, द्वंद्व करावयाचे असेल तर ती वर्ज्य समजावी. मुठीत एकच प्रखर एल.ई.डी. दिवा बसवून प्रकाश वर सोडणे ही साधी रीत. हे पाते मार सोसते, पण टोकाकडे मंदावते. दुसऱ्या रीतीत नळीच्या आत दिव्यांच्या दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून घालतात. त्यामुळे पाते बुडापासून शेंड्यापर्यंत सारखे उजळते. मात्र जोराच्या तडाख्याने डाक निखळण्याचे भय असते.

रंगाची निवड करताना बहुतेक जण पात्राच्या स्वभावाकडे पाहतात: सज्जनांना निळा वा हिरवा, दुर्जनांना तांबडा. पण खुद्द चित्रपटात हा नियम किती वेळा पार्श्वभूमीपुढे नमला आहे! ल्यूकची पहिली तलवार निळी होती. १९८३ सालच्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मध्ये वाळवंटातील निळ्या आकाशापुढे निळे पाते उठून दिसेना, म्हणून ते हिरवे करण्यात आले. २००२ सालच्या चित्रपटात सॅम्युअल जॅक्सन या नटाने जांभळा रंग मागून घेतला, तो रणधुमाळीच्या गर्दीत आपण ओळखू यावे एवढ्याचसाठी.

तेव्हा तलवार कोठे उजळावयाची आहे, हे आधी ठरवावे. मानवी नेत्र हिरव्या प्रकाशास सर्वाधिक संवेदनशील असतो; सारखीच शक्ती खर्च करूनही हिरवे पाते निळ्यापेक्षा प्रखर भासते. भर उजेडाच्या दालनात त्याचाच निभाव लागतो. गडद तांबडे पाते काळोख्या रंगमंचावर व काळ्या झग्यापुढे शोभते. हिरव्या वस्त्रावर मात्र त्याचा प्रकाश पडला, तर ते वस्त्र जवळजवळ काळे दिसते. पांढरा अंगरखा प्रत्येक पात्याचा रंग उचलतो, म्हणून छायाचित्रांत तो फार खुलतो.

रंगाचा परिणाम विद्युत्‌घटावरही होतो, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. पट्टीतील प्रत्येक दिव्यात तांबडा, हिरवा व निळा असे तीन भाग असतात. यांतील एकच पेटविला, तर पांढऱ्या रंगाच्या सुमारे एक-तृतीयांश प्रवाह लागतो. जांभळ्यास दोन भाग लागतात. दोन पट्ट्यांत मिळून अडीचशे दिवे असले, तर पूर्ण पांढऱ्या तेजास पंधरा अँपिअरपर्यंत प्रवाह लागू शकतो. एवढा भार सामान्य लिथियम घटाला पेलत नाही. तो तापतो, प्रसंगी पेटतोही. यासाठी अधिक प्रवाहाचा म्हणून विकला जाणारा, संरक्षक मंडल असलेला घटच घ्यावा, तारा पुरेशा जाड असाव्यात, तेज कार्यक्रमेतून आटोक्यात ठेवावे, आणि प्रवासात घट मुठीबाहेर काढून वेगळ्या डबीत ठेवावा.