मुंढ्याचा उस्ताद : क्रिस्तोबाल बालेन्सियागा

जन्म १८९५, स्पेनच्या बास्क किनाऱ्यावरील गेतारिया या कोळ्यांच्या गावी. वडील लवकर गेले, आई शिवणकामावर घर चालवायची. सुई हातात आली ती तिच्याच शेजारी बसून.

सान सेबास्तियान, माद्रिद, बार्सिलोना इथे फॅशन डिझायनर म्हणून नाव झाले. पण स्पेनच्या यादवी युद्धाने त्याच्या दुकानांना टाळे लावले आणि १९३७ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, पॅरिसला जॉर्ज पंचम मार्गावर क्रमांक १० मध्ये त्याने नव्याने मांड ठोकली.

त्याचा जीव बाहीत अडकलेला. शिवणकाम करणाऱ्या कुणालाही विचारा, मुंढ्यात बाही बसवणे हेच सगळ्यात अवघड. ती नीट बसली नाही, तर हात वर केला की अख्खा कपडा वर ओढला जातो. तो बाही उसवायचा, कापड हाताने पुन्हा बसवायचा, पुन्हा उसवायचा. मनगटाच्या वर थांबणारी त्याची बाही बांगड्यांना मोकळी जागा देई. १९६१ चा त्याचा एक कोट तर एकाच शिवणीचा आहे! बहुतेक डिझायनर चित्र काढतात. हा स्वतः बेततो, कापतो, शिवतो. माझ्या लेखी तो म्हणूनच सगळ्यांत मोठा.

कुरेज आणि उंगारो हे डिझायनर त्याच्याच हाताखाली तयार झाले. मुलाखतींपासून तो जवळजवळ आयुष्यभर दूर राहिला. १९६८ मध्ये दुकान बंद केले, १९७२ मध्ये निधन.

गेतारियात २०११ पासून त्याचे संग्रहालय आहे. कधी गेलात, तर आधी बाह्या जवळून पाहा.