लेणी ओळखताना : बौद्ध आणि जैन

लेणे : डोंगराचा खडक आत कोरून घडवलेली वास्तू. महाराष्ट्रातली बहुतेक लेणी बेसाल्टमध्ये आहेत. खोदकाम छताकडून जमिनीकडे होई, त्यामुळे उंच परांची लागत नसे.

चैत्यगृह : स्तूप असलेले प्रार्थनास्थळ, छत बहुधा कमानदार.
विहार : भिक्षूंचे निवासस्थान, मधे मंडप, कडेने खोल्या.
पोढी : खडकात खोदलेले पाण्याचे टाके. हा शब्द शिलालेखांतही येतो.

काळाचे टप्पे
- इ.स.पू. 3रे शतक : बिहारमधील बराबर, सम्राट अशोकाने आजीवक पंथाच्या साधूंना दिलेली लेणी.
- इ.स.पू. 2रे शतक : भाजे. खांब लाकडी बांधकामाप्रमाणे आत कललेले.
- इ.स.पू. 1ले शतक : ओडिशातील उदयगिरी-खंडगिरी, जैन मुनींसाठी, खारवेल राजाचा काळ.
- इ.स. 1ले-2रे शतक : कार्ले. चैत्यगृहाच्या छताला त्या काळच्या सागवानी फासळ्या आजही आहेत.
- इ.स. 5वे शतक : अजिंठ्याचा दुसरा टप्पा, वाकाटक राजा हरिषेणाचा काळ.
- इ.स. 9वे शतक व आसपास : वेरूळची जैन लेणी.

मूर्तींतला फरक
- बुद्ध : अंगावर चीवर. सुरुवातीच्या लेण्यांत मूर्तीऐवजी स्तूप.
- पार्श्वनाथ : मस्तकावर नागफणा.
- बाहुबली : उभी ध्यानमुद्रा, हातापायांना वेली.

वेरूळची 34 लेणी
- 1 ते 12 : बौद्ध
- 13 ते 29 : हिंदू
- 30 ते 34 : जैन

जागतिक वारसा : अजिंठा आणि वेरूळ, 1983.