मत गायीला नाही, माणसाला!

डेन्मार्कचे एस्बियर्ग बंदर कायद्याने उभे केले. १८६४ च्या युद्धात श्लेसविग-होल्स्टाइन प्रांत गेले, तेव्हा इंग्लंडला माल धाडण्यासाठी पश्चिम किनाऱ्यावर स्वतःचे बंदर हवे होते. १८६८ मध्ये संसदेने कायदा केला आणि तुरळक वस्तीच्या किनाऱ्यावर शहर वसले. पुढे लोणी व डुकराचे मांस येथूनच इंग्लंडला जाऊ लागले.

या लोण्यामागे सहकार होता. देशातील पहिली सहकारी दुग्धशाळा १८८२ मध्ये ओल्गोदजवळच्या खेड्यात निघाली. डॅनिश सहकाराचा नियम असा, की पन्नास गायींच्या मालकालाही एकच मत आणि दोन गायीवाल्यालाही एकच! मत गायीला नव्हे, माणसाला! पण ज्याच्याकडे गायच नाही, त्या शेतमजुराचे काय? तो सभासद नव्हता, म्हणून त्याला मतही नव्हते.

पुढे मासेमारी ओसरली, १९७२ पासून उत्तर समुद्रातील तेल आले, २००२ मध्ये हॉर्न्स रेव्हच्या ८० पवनचक्क्या उभ्या राहिल्या. धंदे बदलले, बंदर टिकले. आज त्याची मालकी नगरपालिकेची आहे.

आम्ही यातून एवढेच घेतो: समान मत हे मोठे पाऊल खरे, पण साधनच हाती नसलेल्या माणसापर्यंत ते पोहोचत नाही. सहकाराचे गोडवे गाणाऱ्यांना आमचा प्रश्न आहे, तुमच्या सभासद यादीत भूमिहीन कुठे आहे?